बंदरांची सुरक्षा आणि समुद्र नसलेला मुलूख

(मुरुड, जि. लातूर येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या गावाचे नाव परगावी सांगितले की ऐकणारा लगेच जंजिऱ्याची चौकशी करतो, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असेल. ते मुरुड रायगड जिल्ह्यातले, समुद्रकाठचे. आपले मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावरचे. येथून खारे पाणी पाहायचे तर काहीशे किलोमीटरांचा प्रवास करावा लागतो. अशा गावी जहाजांच्या व बंदरांच्या सुरक्षेवर बोलण्याचे निमंत्रण आले, तेव्हा पत्र भलत्याच मुरुडहून तर आले नाही ना, अशी शंका मलाही क्षणभर आली.

परंतु विचार करता असे वाटले की, हा विषय आपल्या भागाला तितकासा परका नाही. बार्शी इंग्रजी अमलात आणि लातूर निजामी अमलात होते, त्या काळी या दोहोंच्या दरम्यान सरहद्द होती. निजामी राज्याचे करोडगिरीचे नाके होते आणि नाक्यावर गाठोडे सोडून दाखवावे लागे. माल कसला, कोणाचा, कोठून आला, कोठे चालला, हे प्रश्न तेथे विचारले जात. गाडीवानाला ते जाचक वाटत आणि पुष्कळदा ते जाचक असतही. आज जगातील लहानमोठ्या बंदरांच्या दारांवर हेच चार प्रश्न विचारले जातात. फरक इतकाच की, ते कोणी विचारायचे, कोणत्या नोंदीत लिहायचे आणि उत्तर संशयास्पद वाटले तर काय करायचे, हे आता राष्ट्राराष्ट्रांनी मिळून ठरविले आहे. त्या ठरावालाच जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता म्हणतात. जहाजावरचे लोक तिला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांनी ‘आयएसपीएस’ म्हणून ओळखतात.

प्रथम दोन शब्दांची फोड केली पाहिजे. सुरक्षितता आणि सुरक्षा हे शब्द आपण सरसकट एकमेकांच्या जागी वापरतो. समुद्रावर त्यांचे अर्थ निराळे आहेत. आग, वादळ, खडक, मालाची चुकीची रचना यांपासून माणसाला वाचविणे ही सुरक्षितता. जाणूनबुजून घात करू पाहणाऱ्यापासून वाचविणे ही सुरक्षा. सुरक्षिततेचा विचार जुना आहे. १९१२ साली टायटॅनिक बुडाली आणि १९१४ मध्ये समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. सध्या चालू असलेला करार १९७४ चा. तो १९८० पासून अमलात आहे. मुंबईला या विचाराची किंमत फार भारी पडली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. पोटात दारूगोळा आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या, असा तो माल होता. दोन प्रचंड स्फोट झाले. गोदी, आसपासची वस्ती आणि आग विझविण्यास गेलेले जवान त्यात होरपळले. देशभर दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो त्यांच्या स्मरणार्थ. हा घातपात नव्हता. कापूस आणि दारूगोळा शेजारी ठेवणारी निष्काळजी होती.

सुरक्षेचा विचार मात्र पुष्कळ उशिरा सुरू झाला. ऑक्टोबर १९८५ मध्ये ‘अकिले लाउरो’ हे इटालियन प्रवासी जहाज इजिप्तजवळ पळविण्यात आले आणि चाकांच्या खुर्चीतील एका वृद्ध प्रवाशाची हत्या झाली. त्यानंतर १९८८ मध्ये रोम येथे करार झाला. पण तो गुन्हेगाराला पकडून शिक्षा कशी द्यावी, याविषयी होता. चोर आत येण्यापूर्वी दार कसे लावावे, हे त्यात नव्हते. ऑक्टोबर २००० मध्ये एडनच्या बंदरात ‘कोल’ या अमेरिकन युद्धनौकेला स्फोटकांनी भरलेली एक लहान होडी येऊन भिडली आणि सतरा नाविक मृत्यू पावले. पुढच्या वर्षी ११ सप्टेंबरचे हल्ले झाले. ऑक्टोबर २००२ मध्ये येमेनजवळ ‘लिंबुर्ग’ या फ्रेंच तेलवाहू जहाजावर अशाच लहान होडीने हल्ला झाला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या लंडन येथील परिषदेत शंभराहून अधिक राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि १२ डिसेंबर २००२ रोजी ही संहिता संमत झाली. १ जुलै २००४ पासून ती लागू झाली. आंतरराष्ट्रीय कायद्याची चाल सहसा बैलगाडीची असते. येथे ती अठरा-एकोणीस महिन्यांत मुक्कामी पोचली, यावरून तेव्हाची धास्ती ध्यानात यावी.

आता संहितेचे काम कसे चालते ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण कार्यालय चालविणाऱ्यांना त्यात रस वाटेल. आंतरराष्ट्रीय प्रवास करणारी सर्व प्रवासी जहाजे, पाचशे टन किंवा त्याहून अधिक टनभाराची मालवाहू जहाजे, समुद्रात तेलविहिरी खणणारी फिरती यंत्रजहाजे आणि अशा जहाजांची चढउतार जेथे होते ते धक्के, एवढ्यांना ती लागू आहे. तिचे पहिले सूत्र असे की, जबाबदारी नाव घेऊन सोपविली पाहिजे. प्रत्येक जहाजावर एक सुरक्षा अधिकारी, जहाज कंपनीच्या कचेरीत एक आणि बंदराच्या धक्क्यावर एक. ‘संबंधितांनी योग्य ती कार्यवाही करावी’ या आपल्या परिचयाच्या वाक्याला तेथे थारा नाही. संबंधित कोण, हे आधीच लिहून ठेवलेले असते.

दुसरे सूत्र असे की, आधी धोका मोजायचा आणि मग योजना लिहायची. कुंपण कोठे कमी आहे, रात्री उजेड कोठे पडत नाही, पाण्याच्या बाजूने कोण येऊ शकते, गोदीत रोज किती कंत्राटी मजूर येतात आणि त्यांचे ओळखपत्र कोण पाहतो, अशी पाहणी होते. तिच्यावरून योजना तयार होते व शासनाकडून मान्य करून घेतली जाते. आपल्या देशात हे काम नौवहन महासंचालनालयाकडे आहे. योजना कपाटात राहू नये म्हणून दर तीन महिन्यांनी कवायत आणि वर्षातून एकदा मोठा सराव बंधनकारक आहे.

सुरक्षेच्या तीन पातळ्या ठरविल्या आहेत आणि कोणती पातळी लागू आहे, हे शासन जाहीर करते. पहिली नेहमीची. दुसरी धोका वाढल्याची. तिसरी घात होण्याचा संभव अगदी जवळ आल्याची. ती थोड्याच काळापुरती असते, कारण त्या पातळीवर बंदराचा व्यवहार जवळजवळ थांबतो. जहाज एका पातळीवर आणि बंदर दुसऱ्या पातळीवर असेल, तर दोहोंचे अधिकारी एकत्र बसून कोणी काय पाहायचे याचा लेखी करार करतात. जहाजावर एक गुप्त कळ असते. ती दाबली की जहाजावर घंटा वाजत नाही, भोंगा होत नाही, परंतु किनाऱ्यावरील अधिकाऱ्यांना संकटाची वर्दी जाते. जहाजाला जन्मतः मिळालेला क्रमांक त्याच्या अंगावर कायमचा कोरावा लागतो. मालक बदलला, नाव बदलले, ध्वज बदलला, तरी क्रमांक बदलत नाही.

या सर्वांत मला अधिक मोलाचे वाटते ते कलम वेगळे आहे. बंदरात शिरण्यापूर्वी जहाजाने मागील दहा बंदरांची माहिती द्यावी, असे सांगता येते. शिक्षकांना शाळा सोडल्याचा दाखला माहीत आहे. तसाच हा प्रकार, फक्त मागील दहा शाळांचा. त्यांपैकी एखाद्या बंदराची सुरक्षा ढिसाळ असेल, तर जहाजाची कसून तपासणी होते, त्याला ताटकळत ठेवले जाते, प्रसंगी प्रवेशही नाकारला जातो. म्हणजे एका बंदराच्या आळसाचा दंड तेथून गेलेल्या जहाजाला, त्यातील मालाला आणि अखेर तो माल पिकविणाऱ्याला भरावा लागतो. कोणत्याही पोलिसाशिवाय हे कलम जगभर पाळले जाते, ते व्यापाऱ्याच्या हिशेबामुळे.

इथवर ऐकून संहिता परिपूर्ण आहे, असा ग्रह होईल. तो मला होऊ द्यायचा नाही. एडन आणि येमेन येथील दोन्ही हल्ले लहान होड्यांनी केले होते, हे मी मघाशी सांगितले. संहिता झाली ती मात्र मोठ्या जहाजांसाठी. मासेमारीची होडी तिच्या कक्षेबाहेर राहिली. ही फट कोणाला ठाऊक नव्हती असे नाही. पण जगातील लाखो होड्यांना एका नियमात बांधणे कोणत्याही परिषदेला शक्य नव्हते. तो भाग प्रत्येक राष्ट्राने आपापला पाहावा, असे ठरले. आपल्या राष्ट्राला तो कसा भोवला, ते आता पाहू.

२००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई बंदर आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर ही दोन्ही संहितेखाली होती. दारांवर पहारे होते, योजना मंजूर होत्या. कराचीहून निघालेल्या दहा जणांनी या दारांकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका समुद्रात ताब्यात घेतली, तिच्यावरील खलाशांना ठार मारले आणि तांडेलाला मुंबईपर्यंत नौका आणावयास लावून शेवटी त्यालाही मारले. २६ नोव्हेंबरच्या रात्री ते हवेच्या होडीतून कुलाब्याजवळ बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. आंतरराष्ट्रीय सुरक्षेची सारी व्यवस्था ज्यांना दिसली नाही, ते कोळ्यांना दिसले. पाठीवर ओझी घेतलेले हे अनोळखी तरुण कोण, असे तेथील लोकांनी त्यांना विचारले आणि उर्मट उत्तर मिळाले. गोदीच्या दारावर जो प्रश्न पगारी अधिकारी विचारतो, तोच त्या रात्री मासेमारी करणाऱ्या माणसांनी विचारला होता. पुढे जे झाले ते साऱ्या देशाने पाहिले.

त्याच्याही आधीची कथा दुसऱ्या मुरुडच्या शेजारची आहे. १९९३ म्हटले की आपल्याला ३० सप्टेंबरची पहाट आणि किल्लारी आठवते. मुंबईला ते वर्ष १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांमुळे आठवते. २५७ माणसे त्यात गेली. ती स्फोटके रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी येथे उतरविली गेली होती. दिघी म्हणजे जंजिऱ्यासमोरचा, खाडीपलीकडचा किनारा. माल उतरला आणि गाड्यांत भरला गेला. रस्त्यात पोलिसांनी गाड्या अडविल्यासुद्धा, आणि लाच घेऊन सोडून दिल्या. पुढे खटल्यात त्या पोलिसांना, तसेच सीमाशुल्क खात्यातील काही अधिकाऱ्यांना न्यायालयाने दोषी ठरविले. गाडीत चांदी असावी, असा समज करून घेणे त्यांना सोयीचे झाले असेल. नाका होता, माणूस होता, अधिकार होता आणि गाडीही थांबली होती. फक्त ताडपत्री वर करून पाहायचे राहिले.

शासकीय सेवेतील श्रोत्यांपुढे हा प्रसंग सांगताना मला संकोच वाटतो. पण तो टाळून या विषयावर बोलता येणार नाही.

२००८ नंतर पुष्कळ कामे झाली. सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आणि किनाऱ्यालगतच्या पाण्याची तटरक्षक दलाकडे सोपविण्यात आली. सागरी पोलीस ठाणी वाढली. किनाऱ्यावर रडारची साखळी उभारण्यात आली. मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली, होड्यांना राज्यवार रंग ठरले, मोठ्या होड्यांवर ठावठिकाणा कळविणारी यंत्रे बसविण्याचा नियम झाला. तरीही ३१ जुलै २०११ रोजी ‘पवित’ नावाचे तेलवाहू जहाज मुंबईत जुहूच्या वाळूत येऊन रुतले. जून अखेरीस ओमानजवळ खलाशांनी ते सोडून दिले होते. बुडाले असेल असे सर्वांनी गृहीत धरले, आणि ते निर्मनुष्य जहाज पावसाळी समुद्रातून वाहत वाहत मुंबईच्या दारात आले, तोवर कोणाला पत्ता नव्हता. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक रिकामी नौका लागली आणि तीत तीन एके-४७ बंदुका व काडतुसे सापडली. तीही इंजिन बिघडल्यामुळे मस्कतच्या बाजूला सोडून दिलेली, परदेशी मालकीची होती. घातपाताचा संबंध आढळला नाही, असे विधानसभेत सांगण्यात आले. ती प्रथम पाहिली किनाऱ्यावरच्या लोकांनी. दोन्ही प्रसंग निरुपद्रवी ठरले. मी त्यांना दैवाने घेतलेली तोंडी परीक्षा म्हणतो, आणि गुण फारसे चांगले मिळाले नाहीत, असे माझे मत आहे.

घात पाण्यावरूनच येईल असेही आता नाही. २७ जून २०१७ रोजी मार्स्क या जहाज कंपनीच्या संगणकांत एक विध्वंसक प्रणाली शिरली. तिचा फटका हजारो मैलांवर न्हावाशेवा येथील त्या समूहाच्या टर्मिनललाही बसला आणि तेथील काम ठप्प झाले. क्रेन जागेवर होत्या, माणसे कामावर होती, समुद्र शांत होता. कोणती पेटी कोठे ठेवली आहे, हे सांगणारे यंत्र तेवढे मुके झाले. जहाजांच्या व्यवस्थापनात संगणकीय धोक्याचाही विचार झालाच पाहिजे, असे सागरी संघटनेने त्याच महिन्यात ठरविले होते. १९०८ चा भारतीय बंदरे कायदा जाऊन २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा केला, तोही अशा बदललेल्या काळात.

आता आपल्या मुरुडकडे परत येऊ. लातूरचा भाग सोयाबीनचा. तेल काढून उरलेली पेंड परदेशी जाते, तेव्हा ती वीस किंवा चाळीस फुटी लोखंडी पेटीत, म्हणजे कंटेनरमध्ये भरली जाते. पेटी बंद झाली की तिच्या कडीत पोलादी सील ठोकले जाते आणि त्याचा क्रमांक कागदावर लिहिला जातो. ते सील कापल्याशिवाय निघत नाही. वाटेत निर्यातीच्या अशा पेट्या सहसा उघडल्या जात नाहीत. रोज हजारो पेट्यांची ये-जा करणाऱ्या बंदराला प्रत्येक पेटी उघडून पाहणे परवडणारच नाही. ते कागद पाहतात, सीलचा क्रमांक ताडून पाहतात, वजन पाहतात. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या पेटीचे तपासलेले वजन कळविल्याखेरीज ती जहाजावर चढत नाही. २०१७ पासून निर्यातदाराने स्वतः लावायच्या सीलसाठी रेडिओ लहरींनी वाचता येणारे सील लावण्याची पद्धत सीमाशुल्क विभागाने आणली.

याचा अर्थ असा की, पेटीत खरोखर काय आहे, हे डोळ्यांनी पाहणारा बहुधा शेवटचा माणूस बंदरात नसतो. तो गोदामात असतो. तो हमाल असतो, मुनीम असतो, वजनकाट्यावर चिठ्ठी फाडणारा पोरगा असतो. पेटी भरताना दार किती वेळ उघडे होते, सील कोणाच्या समक्ष लागले, क्रमांक कागदावर बरोबर उतरला का, ट्रक रात्री ढाब्यावर उभा असताना पेटीजवळ कोण होते, या गोष्टी त्यालाच ठाऊक असतात. आकडा लिहिताना एक अंक चुकला तर पेटी धक्क्यावर अडकते. जहाज निघून जाते आणि जागेचे भाडे रोज चढत राहते. यात कोणी दहशतवादी असायला लागत नाही. बारकाईने लिहिण्याची सवय नसली की पुरते. पंचायतीच्या हद्दीत नवे गोदाम, वजनकाटा अथवा कारखाना उभा राहतो, तेव्हा आपण कर किती मिळेल हे पाहतो, आणि ते योग्यच आहे. त्याला कुंपण, उजेड आणि आल्यागेल्याची नोंदवही आहे का, एवढे विचारावयास वेगळ्या कायद्याची गरज नाही.

शेवटचा मुद्दा शिक्षकांसाठी आहे. आपल्या भागातील मुलेही आता जहाजावरच्या नोकरीची चौकशी करतात. या संहितेचे ओझे ज्याच्या खांद्यावर सर्वांत अधिक पडले, तो खलाशीच होय. योजना, नोंदी, रात्रीचे पहारे हे काम वाढले, माणसे मात्र त्या प्रमाणात वाढली नाहीत. पूर्वी जहाज लागले की खलाशी गावात जाऊन येई, घरी फोन करी, चार लोकांत बसे. २००४ नंतर कित्येक बंदरांत त्याला व्हिसाअभावी किंवा पहाऱ्याच्या कडकपणामुळे जहाजाच्या शिडीखाली उतरू देत नाहीत. संहितेच्या प्रास्ताविकात खलाशांचे हक्क आणि किनाऱ्यावर जाण्याची मुभा यांचा उल्लेख आहे. व्यवहारात त्याचा विसर पडतो. सुरक्षेचा रक्षक जो, त्यालाच संशयित मानणे मला अन्यायाचे वाटते. खलाशाची ओळख निर्विवाद असावी म्हणून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००३ मध्ये ओळखपत्राविषयी करार केला. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला आणि २०१९ मध्ये शरीरचिन्हांवर आधारलेले नवे ओळखपत्र देण्यास प्रारंभ केला.

या नोकरीत जाणाऱ्या मुलाला आग, बुडणे, प्रथमोपचार यांच्या शिक्षणाबरोबर सुरक्षेचे शिक्षणही आता घ्यावे लागते. त्याच्याजवळ नौवहन महासंचालनालयाचा नोंदणी क्रमांक आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचे सेवापुस्तक, असावे लागते. जहाजावर नोकरी लावून देणाऱ्या संस्थेलाही त्याच कार्यालयाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. एखादा दलाल गावात येऊन शेत गहाण ठेवावयास सांगू लागला, तर त्या मुलाचे वडील बहुधा प्रथम गुरुजींकडेच विचारावयास येतील. ती यादी कोठे पाहावी, हे गुरुजींनी त्यांना दाखवून द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.